लाल धाग्याच्या कुंड्या

शशिकला : अहो, हे काय करून ठेवलंत? सगळ्या कुंड्यांना लाल धागे?

पांडुरंग : सगळ्या नाही. ज्यांत खोट आहे त्यांनाच.

शशिकला : मिलमध्ये कापड तपासायचात ते वेगळं. हे शोभेचं गवत आहे! हॉटेलची गाडी आत्ता येईल. उद्या त्यांचं उद्घाटन, आणि तुम्ही अंगणात मिल उघडून बसलात!

पांडुरंग : बघ तरी. हे घे भिंग. वर पांढरे ठिपके आहेत ना? पान उलट. तिथं बसलाय.

शशिकला : कोण?

पांडुरंग : ढेकणाच्या जातीचा किडा. तिळाएवढा पण नाही. पंख बघ, काय जाळी विणलीय! अगदी लेस. पानातला सगळा रस पिऊन टाकतो बेटा.

शशिकला : त्याच्या विणकामाचं कौतुक पुरे! मला हाक मारायची, फवारा मारला असता. धागे कसले बांधता?

पांडुरंग : खोट दिसली की आधी धागा, बाकी मग. सारी उमर हेच केलंय.

शशिकला : आणि मिळालं काय? मिलच्या गेटला ताला! तेव्हापासून घर या गवतावर चाललंय. पहिली मोठी ऑर्डर आहे हो! ही गेली तर पुन्हा कोण विचारणार आपल्याला? कात्री आणा, कापा ते धागे.

पांडुरंग : मी नाही कापणार.

शशिकला : माझं डोकं फिरेल आता!

जयेश : नमस्ते काकू! मी जयेश, हॉटेलकडून आलोय. गाडी आत लावू? अरे भिया, हे धागे कसले? खजराण्याच्या गणपतीला मन्नत मागितली का?

शशिकला : हो, हो! शुभ असतं. उद्घाटन आहे ना तुमचं.

पांडुरंग : शुभ-बिभ काही नाही. माल सेकंड आहे. कीड लागलीय. तुमच्याकडच्या गवतावर पण जाईल.

शशिकला : अहो!

जयेश : काका, मग साहेबांना काय सांगू? कीडवाला माल तर नेता येणार नाही.

शशिकला : बिनधाग्याच्या तरी न्या.

जयेश : चार कुंड्यांत काय सजणार काकू? सॉरी हां. दुसरीकडे बघावं लागेल.

(गाडी रिकामीच गेली. शशिकलेला रडावंसं वाटत होतं, पण नवऱ्यासमोर रडायची तिची तयारी नव्हती. तिनं पदर खोचला, साबणाच्या पाण्याची बादली ओढली आणि पहिली कुंडी पुढ्यात घेऊन पानं खसाखसा पुसायला लागली.)

पांडुरंग : शशी, रागावलीस?

शशिकला : नाही, आरती ओवाळतेय तुमची! मिलमध्ये तरी कुणी ऐकत होतं का तुमचं?

पांडुरंग : शेवटी शेवटी नाही. धागे तोडून गठ्ठे बांधायचे. मी पुन्हा धागे बांधायचो.

शशिकला : तरीच! सराफा बाजारावरून येताना लाल रिळं कशाला आणायचात, मला कळत नव्हतं.

पांडुरंग : मिलनं रीळ देणं बंद केलं होतं.

शशिकला : धन्य आहे तुमची! ही पुसून झाली. बघा भिंगातून. पास?

पांडुरंग : खालच्या पानामागं एक आहे.

शशिकला : एकच ना?

पांडुरंग : एकच.

शशिकला : मग बांधा धागा. बघताय काय?