सासूबाईंची सुई

आमच्या सासूबाईंचं पोट बिघडलं होतं, तेव्हाची गंमत ऐका. त्या मूळच्या चामटोलीच्या. जो सुई टोचत नाही, तो त्यांच्या लेखी डॉक्टरच नव्हे.

बदलापूरच्या डॉक्टरांनी नीट तपासून गोळ्या दिल्या, तर म्हणाल्या, "गोळ्या काय, वाणीपण देतो!" आणि एकही घेतली नाही. जुलाबांनी पार गळून गेल्या. मी घाबरले आणि त्यांना रिक्षात घालून उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आधी एकटीच आत जाऊन हळूच म्हटलं, "मॅडम, सुईचं काहीतरी बोला, नाहीतर आमच्या आई औषधच घेत नाहीत."

मॅडमनी तपासलं. "आजी, पोटात जंतू झालेत. सुई देईन की, पण आधी गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा. एक जरी चुकली तर सुई नाही."

मग काय, सासूबाई घड्याळ बघून गोळ्या घ्यायला लागल्या. तोंडाला चव आली, भाकरी खायला लागल्या. कोर्स संपला तशा मला ओढतच दवाखान्यात घेऊन गेल्या आणि दंड उघडा करून बसल्या.

मॅडम म्हणाल्या, "आजी, आता तर बऱ्या झालात. सुई कशाला?"

"वा गं पोरी! मग एवढ्या गोळ्या मी काय तुझ्यासाठी खाल्ल्या?"