पाठीवरची रांगोळी

(जुन्नर, २००४. बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत स्नेहल कॉम्प्युटरकडे पाठ करून बसली आहे. शेजारी सासूबाई बयाबाई, त्यांच्या मांडीवर आठ महिन्यांची आरती. माऊस कॅफेवाल्या दानियालच्या हातात.)

स्नेहल : तुम्हीच वाचा दानियालभाऊ. माझ्याच्यानं नाही बघवत.

दानियाल : तुमच्या चित्राला उत्तरं भरपूर आलीत ताई. पण आधी मला सांगा, दिवाळी तर होऊन गेली, आता कुठला सण?

स्नेहल : कसला सण?

दानियाल : तुमच्या ग्रुपवरच्या बायका विचारतायत. ही म्हणते, "वा, किती सुरेख!" खालची म्हणते, "स्नेहलताई, हात आहे की काय! मी सकाळी दारात काढली."

स्नेहल : दारात काढली?

बयाबाई : काय काढलं दारात?

स्नेहल : आपल्या आरतीच्या पाठीवरची पुरळ.

बयाबाई : आगं बया!

दानियाल : पुरळ आहे ही? मला वाटलं, संक्रांतीची तयारी.

स्नेहल : वर लिहिलंय की मी, "मैत्रिणींनो, हे काय असेल?"

दानियाल : ताई, दर चित्रावर तुम्ही हेच लिहिता. मागच्या वेळी लेण्याद्री काढलीत तेव्हाही हेच होतं. सगळ्यांना तो नुसता जिना वाटला. "बाळाच्या पाठीवर" असं कुठं लिहिलंय ह्यात?

स्नेहल : मला वाटलं, आयाच आहेत सगळ्या, बघताक्षणी कळेल.

बयाबाई : फोटू का न्हाई पाठवला?

स्नेहल : कॅमेरा कुठाय आपल्याकडं? म्हणून अक्षरांनी काढली. बारीक पुळी तिथं टिंब, फुगलेली तिथं ओ, लाल झालेली तिथं चांदणी. घरी चौकटीच्या कागदावर उतरवली आणि इथं येऊन टाईप केली.

बयाबाई : म्हंजी काल "आई, तिला हालू देऊ नका" म्हनून मला बसवलं, त्ये ह्याच्यापायी? पोरगी गारठली, माजं गुडघं आखडलं. मला वाटलं, औशिद लावतीय.

दानियाल : थांबा. ह्या नाशिकच्या बाईंनी ओळखलंय.

स्नेहल : वाचा. नको. वाचा.

दानियाल : "हे बाळाच्या अंगावरचं आहे का गं? मणक्याच्या दोन्ही बाजूंना इतकं सारखं उठलं असेल, तर थांबू नकोस. आजच दाखव."

स्नेहल : आजच! आई, उठा. पुण्यालाच नेऊ. ह्यांना फोन करा कुणीतरी. गाडी किती वाजता आहे हो पुण्याची?

बयाबाई : दम खा जरा! दोनी बाजूला कुठं हाये? ही बघ पाठ. समदं डाव्या अंगालाच हाये. उजवीकडं काय बी न्हाई.

दानियाल : पण चित्रात तर दोन्हीकडं आहे. आरशात बघितल्यासारखं.

स्नेहल : ते... उजवी बाजू रिकामी दिसत होती.

बयाबाई : मंग?

स्नेहल : मग भरली.

दानियाल : पुरळ?

स्नेहल : हात थांबेना हो! एकीकडं ठिपके, एकीकडं उजाड. अर्धी रांगोळी कुणी सोडतं का?

दानियाल : आणि हे मधलं कमळ?

स्नेहल : कमळ नाही ते. तिचा जन्माचा तीळ आहे. पाकळ्या माझ्या.

बयाबाई : आन् मी आपल्या पिंपरी पेंढार गावभर सांगत हिंडते, आमची सून शिकलेली, लेकराकडं लई बारीक ध्यान हाय तिचं.

स्नेहल : बी.एस्सी. आहे आई मी. दिसेल तेवढंच काढायचं, म्हणून बाई प्रॅक्टिकलला ओरडायच्या. तिथंही मी बेडकाला भुवया काढल्या होत्या.

दानियाल : नाशिकच्या ताईंना काय कळवू?

स्नेहल : लिहा, "आभारी आहे. उजवी बाजू खोटी आहे." नको, मीच लिहीन नंतर. लाज वाटते.

बयाबाई : आदी ऊठ. रस्ता वलांडला की डाक्टर. पोरगी हितं, पाठ हितं, आन् तू साऱ्या जगाला इचारतीयास.

स्नेहल : डॉक्टर हसतात मला. शिंकली म्हणून नेली, तर हसले. दात येत होते तेव्हा तर कंपाउंडरसुद्धा हसला. ग्रुपवर निदान कुणी हसत नाही.

दानियाल : हसत असतील ताई. इथून दिसत नाही एवढंच.

बयाबाई : तू गप रं. स्नेहल, हसनाऱ्याला काय भ्यायचं?

स्नेहल : हसण्याला नाही हो भीत. आज पाठ बघितली आणि नाहीच हसले, तर? चष्मा काढून "बसा" म्हणाले, तर?

बयाबाई : काल तू काढत व्हतीस, तवा मी बी त्येच मनात घेऊन बसले व्हते. म्हनून तर हालले न्हाई.

स्नेहल : मग बोलला का नाहीत?

बयाबाई : तू आनखी भ्याली असतीस. टोपडं घाल तिला. दोघी जाऊ. देवा, हसू दे रं त्या डाक्टरला.