लाल रिबिनीचा डबा

अगं, तू विकतच्या केकचा विषय काढलास म्हणून सांगते. नाशिकला कॉलेज रोडवर नवी नवी चकाचक दुकानं झाली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घर आमचं एकच. दर नाताळात मी शेजारीपाजारी घरच्या करंज्या द्यायची. त्या वर्षी म्हटलं, कोण करत बसणार? लाल रिबीन बांधलेले केकचे तयार डबे आणले आणि आठवडाभर आधीच प्रत्येक दारात दिले. सुटले एकदाची!

दुसऱ्या दिवशी समोरच्या शिंदेकाकू तोच डबा घेऊन दारात. तोंड हे एवढं फुगलेलं.

"काय झालं काकू? केक आवडला नाही का?"

"केक संपला. मला सांग, दिवाळीत तू आमच्याकडे करंज्या लाटायला येतेस की नाही?"

"येते ना."

"मग तुझ्या सणाला मला का नाही बोलावलंस?"

"अहो, या वर्षी मी करंज्या करतच नाहीये!"

"करतेयस," असं म्हणून त्यांनी डबा माझ्या हातात कोंबला. चांगला जड लागला. "रिकामा डबा कसा परत करायचा, म्हणून सारण भरून आणलंय. चल, मैदा भिजव."