राई देवीची, राखण कुणाची?

मंडळी, आधी एक सांगा! जी वस्तू आपली नाही, ती 'आमची' म्हणून कागदावर अंगठा उठवावा का? नुसत्या माना हलवू नका, तोंडानं बोला! "नाही"? ठीक. आता तुमचाच गोंधळ उडवतो, ऐका!

डोंगरातलं एक गाव. तिथला लहानूबाबा — सत्तरी उलटलेली, रानाची हद्द तोंडपाठ! कायदा आला: पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या रानावर ग्रामसभेनं हक्क सांगावा. हद्द दाखवायची कशी? चालून! म्हातारा पुढं, मागं गावची शिकलेली सून सुगंधा, हातात मोजणीचं यंत्र. पाय जातील तशी यंत्रात रेघ!

चालता चालता कळमजाई देवीची राई आली. हद्दीचा दगड राईच्या आत, कड्याच्या तोंडाशी. पण राईत पाऊल टाकायचं ते वर्षातून एकदाच, नवान्नाला! म्हाताऱ्यानं केलं काय? हात जोडले, अन् अलीकडूनच वळसा घालून पुढं!

नकाशा पाहून सुगंधानं कपाळावर हात मारला. "बाबा, राई बाहेर राहिली! आतल्या झऱ्यासकट! उद्या कुणी तोडली तर आपण कोण बोलणार?"

"मंग आत घे की!"

"घेऊ. पण 'आमची' म्हणावं लागंल."

"आमची? आगं, राई देवीची हाये! तिच्याम्होरं खोटं बोलू?"

दोन दिवस म्हाताऱ्याला घास गोड लागेना. हक्क सांगावा तर देवीचा अपराध, न सांगावा तर देवीच उघड्यावर! बोला, मंडळी! मघाशी 'नाही' म्हणालात ना? आता काय म्हणाल?

ग्रामसभा बसली. सुगंधा कायदा वाचत होती — "वापरण्याचा हक्क, राखण्याचा हक्क..."

"थांब पोरी! राखायचा बी हक्क हाये?"

"हाये बाबा."

"मंग लिही! राई कळमजाईची. राखण आमची!"

पण रेघ? ती तर चालूनच उमटायची! यंत्र परवा तालुक्याला परत, नवान्नाला तीन महिने! म्हातारा राईच्या तोंडाशी उभा, पाय उचलेना. बायको ठमाबाई म्हणाली, "अवो, तिच्यासाठीच चाललाय ना? मंग भ्या कशाचं?"

गेला. यंत्र गळ्यात, अनवाणी, कान धरून, हमसून रडत! दगडाला हात लावून परत आला, ठमाबाईला म्हणाला, "चुकलो का गं मी?"

चुकला का? मला ठाऊक नाही! झरा मात्र आता रेघेच्या आत आहे.

अन् तुमची टेकडी, तुमचं तळं? 'सरकारचं आहे' म्हणून मोकळे होता ना? मालक राहू द्या. राखतं कोण?... आता माना खाली का गेल्या, मंडळी?