किटलीला स्वेटर

टपाल कचेरीच्या रांगेत एक बुकबाइंडर घड्याळाकडे बघत चुळबुळत उभा होता. त्याच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. बाईंच्या हातात खोकं होतं.

"कुठली वस्तू गं ही?"

"आपल्या दुकानातली ती जुनी चिनीमातीची किटली. लांबच्या गिऱ्हाइकाने मागवलीय."

"फुटेल की वाटेत!"

"छे! तुमच्या स्वेटरात गुंडाळलीय."

"कुठल्या?"

"करड्या. लग्नाच्या वर्षी मी विणलेला. झाकण एका बाहीत, किटली पोटात, वरून लोकरीचं फूल. दुपट्यातल्या बाळासारखी दिसते बघा."

"मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर दिला असता?"

"आनंदाने. फार टोचायचा मेला."

"टोचायचा? अहो, जन्मभर घातलात की!"

"तू विणला होतास ना."

"कधी बोलला नाहीत ते?"

"बोललो असतो तर उसवून टाकला असतास."

बाईंनी खोकं छातीशी धरलं.

"आता मऊ लोकर आणते."

"आण. आणि बाह्या सारख्या लांबीच्या कर या खेपेला."

"पुढचं कोण?" खिडकीतून हाक आली. दोघं हसतच होती. बुकबाइंडरने त्यांना पुढे सरकायला सांगितलं नाही.