दमेकऱ्यांची दुपार

...आणि वर इस्त्रीचा शर्ट! तुम्हीच सांगा, दवाखान्यात जायला इस्त्रीचा शर्ट कोण घालतं? आमचे हे घालतात. सकाळपासून तयारी चाललेली असते, दाढी काय, नखं काय, बुटांना पॉलिश काय. म्हणजे पॉलिश मी करायचं, कारण हे वाकले की श्वास गळ्याशी येऊन अडकतो, पण तसं म्हणायचं नाही. घरात खाटेवरून बाथरूमपर्यंत जायचं तर मध्ये खुर्चीचं स्टेशन, मग भिंतीचं स्टेशन, मग दाराच्या कडीचं, आणि मागे मी टॉवेल घेऊन उभी. विचारलं की, अहो, बरं वाटत नाहीये का? तर उत्तर ठरलेलं. मला काय धाड भरलीय?

तुम्हाला सांगते, जन्मभर फर्निचरच्या कारखान्यात लाकडं घासली या माणसाने. घरी आले की शर्ट झटकला तर खोलीभर भुसा उडायचा, झटकायची अर्थात मीच. आणि त्या भुशाने छातीचं समाधान होत नव्हतं म्हणून वर सिगारेट. मग खोकला लागला, मग खोकल्याने घर केलं, मग दम लागायला लागला, पण हे सगळं झालं ते आमच्या घरात. दवाखान्यात काही झालेलं नाही. दवाखान्यात हे ठणठणीत!

दवाखाना कुठे, तर दोन चौक सोडून. शाळेतलं पोर पाच मिनिटांत पोचेल. आम्ही तासभर आधी निघतो. कारण रस्त्यात यांना दुकानं बघायची असतात. दम लागला म्हणून थांबलो असं म्हणायचं नाही ना, मग नळांचं दुकान लागलं की थांबायचं, नळ बघायचे. आमच्या घरातले सगळे नळ शाबूत आहेत हो. मग चष्म्यांचं दुकान, मग पडद्यांचं. एकदा काय झालं, श्वास जरा आधीच संपला, आणि हे थांबले ते नेमके बायकांच्या आतल्या कपड्यांच्या दुकानासमोर. काचेला हात टेकलेला, खांदे वरखाली होताहेत, तोंड उघडं, नजर आत... दुकानातली मुलगी बाहेर आली. मी म्हटलं, अगं, श्वास घेताहेत ते. तिचा काही विश्वास बसला नाही. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग दवाखान्याखाली बाकडं आहे, तिथे बसायचं. ओठांना रंग येईपर्यंत. मग कंगवा काढायचा, केस नीट करायचे, आणि आत शिरायचं ते नवरदेवासारखं.

आमचे डॉक्टर फार जुने. मुलीला गोवर आला तेव्हापासूनचे, घरचेच म्हणा ना. ते विचारणार, काय म्हणता? हे म्हणणार, एकदम झकास, तुमचं सांगा, तुम्ही वाळलात हो डॉक्टर! म्हणजे पेशंट कोण आणि डॉक्टर कोण? मी यांच्या खुर्चीमागे उभी राहून खुणा करते. छातीवर हात ठेवते, मान हलवते, जीभ बाहेर काढून धापा टाकून दाखवते. डॉक्टर चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "वहिनी, उचकी लागलीय का तुम्हाला?" आणि समोरच्या औषधांच्या कपाटाला काच. त्या काचेत यांना सगळं दिसत होतं. घरी आल्या आल्या म्हणाले, माकडचेष्टा करायला येतेस का तिथे?

मी एकदा विचारलंच, अहो, खरं का सांगत नाही? तर म्हणे, डॉक्टरांना वाईट वाटेल, इतकी वर्षं औषधं देताहेत बिचारे. आता यावर बोलायचं काय? डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून हे बरे, आणि हे बरे म्हणून डॉक्टर तीच गोळी पुढे चालू ठेवतात, आणि थंडीत एकदा तरी छाती अशी भरते की मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागतं, ऑक्सिजन, इंजेक्शनं, मी बाहेरच्या खुर्चीत हात जोडून बसलेली... मागच्या थंडीत तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, असे आणखी झटके येऊ देऊ नका, दर झटक्याला छातीतली थोडी ताकद जाते, ती परत येत नाही. येऊ देऊ नका! जसं काही मीच दार उघडून आत घेते. आणि घरी आल्यावर हे काय म्हणाले असतील? मला काय धाड भरलीय, हवा बदलली होती.

तर अशात आमचे डॉक्टर कुठलंसं शिक्षण घेऊन आले. या वयात! आणि म्हणाले, आपलं चुकतंय, छातीचे पेशंट पार गळ्याशी आलं की आपल्याकडे येतात, आपण तेवढ्यापुरतं औषध देतो आणि पाठवतो, असं नाही चालायचं. मग एक दुपार त्यांनी फक्त या लोकांसाठी ठेवली. एक सिस्टर नेमली, निवांत बसून सगळं विचारणारी, पंप कसा ओढायचा ते शिकवणारी, फुंकायचं मशीन आणलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. यांना निरोप आला तर म्हणे, ती दमेकऱ्यांची दुपार आहे, माझं काय काम? शेवटी डॉक्टरांनी स्वतः फोन केला. मग गेले. इस्त्री करून.

सिस्टर गोड होती हो. तिने विचारलं, काका, जिना चढताना दम लागतो? नाही. अंघोळीला? नाही. रात्री झोप मोडते? नाही. ती आपली लिहितेय, नाही, नाही, नाही, आणि वर म्हणते, छान आहात की. माझा जीव वरखाली. कारण जिना चढताना दम लागत नाही हे अगदी खरं आहे, हे जिना चढतच नाहीत! वर्ष झालं, खाट खाली बैठकीत आणलीय. अंघोळीला दम लागत नाही, कारण अंघोळ मी घालते. झोप मोडायला आधी लागायला पाहिजे, हे रात्रभर उशांच्या ढिगाला टेकून बसलेले असतात. मी तोंड उघडलं तर म्हणाले, प्रश्न मला विचारलाय.

पण सिस्टरच्या काय मनात आलं कुणास ठाऊक. तिने पेन खाली ठेवलं आणि सहज गप्पा मारल्यासारखं विचारलं, "काका, वर शेवटचे कधी गेला होतात?"

यांनी कॉलर सरळ केली. मग म्हणाले, "वर आहे काय बघायला?"

"काय आहे?"

"आमची झोपायची खोली."

...काही नाही, थांबा जरा. पाणी पिते. बोलायच्या भरात होतं असं.

तर मग मशीन. सिस्टर म्हणाली, खोल श्वास घ्या आणि जोरात फुंका. यांनी छाती काढली, जसं काही कुस्तीलाच उतरलेत. ती ओरडतेय फुंका, फुंका, अजून, अजून, मीही ओरडतेय, आणि हे फुंकून फुंकून लाल, मग खोकला, डोळ्यांत पाणी. पडद्यावरची रेघ थोडी उठली आणि आडवी पडली. हे म्हणाले, मशीन बिघडलंय. सिस्टर म्हणाली, नाही हो काका. हे म्हणाले, मला काय धाड भरलीय, मशीनच बिघडलंय, पाहिजे तर हिला फुंकायला लावा, हिला काही नाही, दिवसभर घरात भिंगरीसारखी फिरत असते.

मला काय, मी तयारच. म्हटलं, एकदा दाखवतेच यांना. सिस्टरने नवी नळी लावली, मी पदर खोचला आणि फुंकलं. सगळं बळ लावून फुंकलं. रेघ यांच्याइतकी पडली नाही, पण चढली म्हणावी तर चढलीही नाही. मध्येच कलंडली.

हे काय खूश झाले! वर्षभरात इतके खूश बघितले नव्हते. टाळी वाजवली. म्हणाले, बघा, बिघडलंय की नाही?

सिस्टर हसली नाही. तिने आणखी एक नळी लावली आणि स्वतः फुंकलं. तिची रेघ सरळ डोंगरावर.

हे त्या रेघेकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. असं नीट माझ्याकडे किती दिवसांनी बघत होते कोण जाणे. आणि अगदी हळू विचारलं, "हिला काय झालंय?"

मग डॉक्टर आले, आम्हा दोघांना पंपाचं औषध देऊन, थोडं बसवून पुन्हा फुंकायला लावलं, रेघा फारशा हलल्या नाहीत. म्हणाले, छातीतल्या बारीक नळ्या अरुंद झाल्यात, यांच्या पुष्कळ, माझी नुकती सुरुवात. मी म्हटलं, डॉक्टर, मी आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही. ते म्हणाले, धूर काय विचारून जातो का वहिनी? आणि तो भुसा? सिस्टरने मला विचारलं, दम लागतो का? मी म्हटलं, कामाच्या घाईत लागतोच की, कुणाला लागत नाही? माझी खोली वर, हे खाली, दिवसभर वरखाली... ती लिहीत राहिली. हे मात्र ऐकत होते.

आणि तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून आमच्या घरात क्रांती झाली. सिगारेटचं पाकीट यांनी स्वतः कचऱ्यात टाकलं. कशाला? हिच्या छातीला धूर नको. सकाळ-संध्याकाळ पंप घेऊन समोर बसतात, आधी स्वतः ओढून दाखवतात, मग मला ओढायला लावतात, म्हणे, श्वास आत धर, सोडू नकोस, तुझं लक्ष नाही. जन्मभर गोळी घ्या म्हणून मी मागे लागले तेव्हा ऐकलं नाही, आता मला माझ्या औषधाची आठवण राहावी म्हणून स्वतः वेळेवर घेतात. सिस्टरने चालायला सांगितलंय, तर मला सोबत म्हणून रोज निघतात. मी जिन्याच्या पायरीवर पाय ठेवला की ओरडतात, अगं, बस खाली, तुझं काय असेल ते मी आणतो. आणि निघतात. तीन पायऱ्या चढून बसतात, पुन्हा चढतात. मुलीचा फोन आला तर म्हणतात, माझं सोड, मला काय धाड भरलीय, तुझ्या आईची काळजी वाटते. सगळी आळी म्हणते, नवरा असावा तर असा. म्हणा. माझं काही म्हणणं नाही.

या थंडीत हॉस्पिटल लागलं नाही. पहिल्यांदाच. परवा पुन्हा ती दुपार होती. यांना तपासून बाहेर बसवलं आणि डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, वहिनी, चांगली बातमी आहे, तुमचं फार नाही, अगदी सुरुवातीला सापडलं, धूर बंद झालाय, आता काळजी घेतली तर आहे तिथेच राहील. यजमानांना सांगूया का? त्यांचा जीव भांड्यात पडेल.

मी दारातून बाहेर बघितलं. हे एका म्हाताऱ्या गृहस्थांना पंप कसा धरायचा ते शिकवत होते. म्हणत होते, माझी बायको पेशंट आहे ना, मला सगळं येतं.

मी दार लोटून घेतलं. म्हटलं, डॉक्टर, पाया पडते, पण यांना सांगू नका. यांचा जीव भांड्यात पडला की पंप पडेल कपाटात. घरात एकाने तरी आजारी असायलाच पाहिजे. ते काही होणार नाहीत... मग मीच होते.