मागे तिघं बसतात

नको, चावी नंतर. आधी बॉनेट उघड. — नाही, तेरेरेसुद्धा नको, ठेव तो प्याला बाजूला. गाडी बघताना मी कुणाच्या हातचं काही पीत नाही. थंडगार काही पोटात गेलं की माणूस भिडेला पडतो, आणि भिडेला पडला की विकणारा म्हणेल ते खरं वाटायला लागतं. तुझा बाप असता तर त्याने सांगितलं असतं तुला — विल्फ्रिदो, हा सिंदुल्फो आला की त्याला खुर्ची देऊ नकोस, पाणी देऊ नकोस, नुसता बाजूला उभा राहा. तसा उभा राहा. आणि हे बघ, मी इथे आलेलो नाही. कळलं? ओब्दुलिया सकाळपासून बसस्टँडवर आहे, बसच्या खिडक्यांशी चिपाचे पाव विकतेय. टोपली रिकामी झाली की तशीच इथे येणार, सौदा पक्का करायला. मला सगळं ठाऊक आहे. तिला वाटतं, नवऱ्याला काही ठाऊक नाही. ती यायच्या आत मला या गाडीतली खोट सापडली पाहिजे. असणारच. रस्त्याकाठी विकायला उभी केलेली गाडी आणि तिच्यात खोट नाही, असं अख्ख्या ओविएदोत कधी झालंय?

आणि रंग निळा! एवढ्या गाड्यांत हीच दिसली तिला. ती पांढरी आहे तिकडे, ती राखाडी आहे — नाही, निळी. हसतोस काय? तुझ्या बापाच्या गळ्यात मरेपर्यंत लाल रुमाल होता, पेटीत ठेवताना मीच तो नीट बांधला, आणि तू, आमच्या लाल पक्षातलाच मुलगा, माझ्या बायकोला निळी गाडी विकतोस. माझ्या आजाने निळ्यांशी उभा दावा मांडला. माझ्या बापाने निळ्यांच्या दुकानातून कधी मीठ घेतलं नाही, लांब चालत जायचा पण आपल्या माणसाकडून आणायचा. माझं फाटक लाल आहे. त्या फाटकात ही उभी राहणार आणि येणारे-जाणारे म्हणणार, सिंदुल्फो म्हातारपणी पाघळला, मतसुद्धा तिकडेच टाकत असेल. — काय? जपान्यांना काय कळतं आपलं लाल-निळं? त्यांना नसेल कळत. मला कळतं. जपान्यांवर माझा राग नाही, गाड्या चांगल्या बनवतात, फक्त स्टेअरिंग उलट्या बाजूला लावतात.

तेच बघायचंय मला. जपानात उजवीकडे, जहाजाने चिलीला उतरली, तिथे कुणीतरी फाडून डावीकडे आणलं, मग डोंगर ओलांडून इथे पराग्वेत, तुझ्या पत्र्याखाली. ज्याने फाडलं तो कसा होता, शुद्धीत होता की नव्हता, ते मला आणि तुला माहीत नाही. — बॉनेटची कळ कुठाय? बघ, पलीकडेच राहिली. म्हणजे बॉनेट उघडायचं तर तिने शेजारच्या सीटवर पालथं पडायचं. वायपर लाव. लाव, लाव. बघितलंस? पुसतो तो उजव्या अंगाला नीट, हा डावा कोपरा तसाच राहतो. आणि डावीकडे कोण बसणार? ती बसणार. पावसात तिला तेवढाच कोपरा दिसणार नाही, आणि तेवढ्यात एखादी गाय — काय म्हणालास, वायपरचं पातं लांब टाकलं की पुसतं? हं. पुसतं. ते मीही केलंय एकदा. ते सोड. वाकून ये इथे, हा दांडा धर. मी चक्र हलवतो, तू सांग दणका बसतो का हाताला. आता? आता? खरं सांग. — नाही बसत. दाखव मला. हं. जोड नीट घातलाय, डाग एकसारखा आहे, घाई केलेली नाही. केबलीसुद्धा ओढूनताणून आणलेल्या नाहीत. चिलीत एखादा बरा माणूस असेल. असतो कुठेकुठे.

याने काही सिद्ध होत नाही. पत्रा बघू. — हे? फ्रिजवरचं लोहचुंबक आहे, आमच्या कुमारी मातेचं, काकुपेहून आणलेलं. रुमालात गुंडाळलंय, ओरखडा नाही उठणार, घाबरू नकोस. जिथे हे चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी लांबीचा लगदा भरलेला असतो. दार — चिकटलं. हे दार — चिकटलं. मागचं मडगार्ड — इथे ठोकलेली असते हमखास, मागून कुणीतरी — चिकटलं. आई गं, सगळीकडे चिकटतंय. डिकी उघड. ती सतरंजी वर घे, स्टेपनी काढ. बुडालेली गाडी असली की इथे गंज सापडतो, इथवर कुणी पुसत नाही. — हात दे, गुडघा धरतो माझा. कोरडं आहे. मातीसुद्धा आपली लाल नाही, कुठलीतरी काळी, बारीक. एवढी दूरची माती.

पेडलचं रबर बघ बरं! घासून गुळगुळीत झालंय. आणि आकडा किती दाखवतेय? एवढं कमी चालल्यावर रबर असं होतं का? मी जन्मभर ट्रक हाकलाय, चाकोतली गुरं भरभरून आणली, मला शिकवू नकोस. सापडलं. आकडा मागे फिरवलाय, हे तिला सांगायचं, बास, एवढं सांगितलं की ती टोपली उचलून घरी — थांब. थांब जरा. हे पेडल हिचं नाहीच. बाजू बदलताना दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं काढून लावलंय, दांड्याचा रंग वेगळा आहे. तुला माहीत होतं? मग बोलत का नाहीस? मी खोटं बोलतोय असं वाटेपर्यंत उभा राहतोस तोंड मिटून. असो. चावी दे आता.

कोण बोललं? — गाडी बोलली? ही बाई कोण? काय म्हणते? तुला जपानी येत नाही, मला येत नाही, आणि ही रोज सकाळी ओब्दुलियाच्या कानात काहीतरी सांगत राहणार. काय सांगत असेल? पट्टा बांध म्हणते? तुला काय ठाऊक? नवऱ्याचं ऐकू नकोस असंही म्हणत असेल. हसू नकोस म्हटलं ना. घरात आधीच एक कासिमिरो आहे फूस लावायला — घरात म्हणजे शेजारी, कुंपणापलीकडे. त्यानेच शिकवलं तिला गाडी चालवायला, त्याच्या जुन्या पिकअपवर. बायको माझी, जन्मभर ट्रक मी हाकला, आणि गाडी शिकायची तर कासिमिरोकडून! मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, ते खरं, पण विचारायला काय जातं?

इंजिन ऐकू दे. गप्प बस जरा.

हं.

धूर नाही. तेलाचं झाकण काढ. पांढरा फेस नाही, म्हणजे तेलात पाणी नाही. — चालू दे तशीच, तापू दे. तापल्यावर खरं बोलतात गाड्या. आता तू मला एक सांग, विल्फ्रिदो. आम्ही माणसं किती? दोन. एक मी आणि एक ती. दोन माणसांना काय लागतं? मोटारसायकल. फार तर ती छोटी डबी, तिकडे उभी आहे तसली, बाजारहाटाला पुरते. मग एवढी चार दारांची, घरभर माणसं मावतील अशी, डिकीत गादी मावेल अशी कशाला? पुढे दोघं. आणि मागे? मागे तिघं बसतात. कोण तिघं? मी तिला विचारलं नाही, कारण मी काही बघितलंच नाही ना, मला काही माहीतच नाही. पण मला मोजता येतं. आमची पोर निमिया, तिची मोठी आणि तिचा धाकटा. झाले तीन. जावयाला धरलेलंच नाही, बघ. तो येणार नाही हे ओब्दुलियाला ठाऊक आहे. तो आला तर मी काय करेन तेही ठाऊक आहे.

माहीत आहे तुला सगळं, तोंड कशाला पाडतोस? सगळ्या गावाला माहीत आहे. माझी मुलगी व्हिल्यारिकाला निळ्यांच्या घरात गेली. त्याचा बाप त्यांच्या मिरवणुकीत झेंडा धरून पुढे असतो, त्याचा आजा माझ्या आजासमोर उभा राहिलेला, आणि हिला अख्ख्या जगात तोच मिळाला. मी म्हटलं, जातेस तर जा. तीही माझीच मुलगी — ती म्हणाली, तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही. झालं. मी बोलावलं नाही, ती आली नाही. ओब्दुलिया जाते महिन्याला, बसने. त्याला मी कधी आडवा आलो नाही, कुणालाही विचार. बस म्हणजे जाणं. बसने बाई जाते, भेटते, संध्याकाळी परत येते, त्यात माझा काही संबंध नाही. पण गाडी म्हणजे आणणं. घरची गाडी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली, म्हणजे घराने बोलावलं. सिंदुल्फोने बोलावलं! मी तोंड उघडायच्या आधीच. मी खुर्चीत बसलेला असेन आणि माझ्याच फाटकातून, निळ्या गाडीतून, ती उतरेल. मग मी काय करायचं? उठायचं? बसून राहायचं? सांग ना. तू विकतोस, तू सांग.

म्हणून म्हणतो, तिला सांग गाडी विकली गेली. — का नाही? खोटं बोलणार नाहीस? कधीपासून? बरं, मग म्हण इंजिन खराब आहे. कारण हवं? अरे, कारणच शोधतोय ना मघापासून!

सरक, मागचं दार बघू दे. दार नीट लागतं. आतून उघडतं — हे नाही चालणार. ती कळ असते ना, मुलांनी आतून उघडलं तरी उघडू नये म्हणून, ती कुठाय? ही? खाली कर. आता आतून ओढ. नाही उघडत. बरं. पलीकडचंही बघ. धाकटा माकड आहे नुसता, कशालाही लोंबकळतो, आंब्याच्या झाडावरून पडला मागच्या उन्हाळ्यात, कोपराला प्लास्टर होतं. — मला कोण सांगणार? ओब्दुलिया स्वयंपाकघरात फोनवर बोलते, ओरडून बोलते, मी काय कानात बोळे घालू? पट्टे बघू. हा लागतो. हा लागतो. मधला — मधला लागत नाही. बघ, खटका धरत नाही. मध्ये कोण बसणार? धाकटा मध्येच बसणार, त्याला गाडी लागते, समोरचा रस्ता दिसला की बरं वाटतं त्याला. आणि मोठी, आरामी, खिडकीशिवाय बसणार नाही, हट्टी आहे, दात पडलेत समोरचे तरी फोनवर बडबड थांबत नाही. मला विचारत होती एकदा — मला म्हणजे, फोन मेजावर होता, ओब्दुलिया पाणी आणायला गेली, मी नुसता उचलून ठेवत होतो. ती म्हणाली, तुम्ही कोण? मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, कोणी नाही असं कसं, आवाज येतोय की.

दे तो प्याला. उकाडा किती आहे इथे. पत्रा तापतो तुझा, वर पालापाचोळा तरी टाक काहीतरी. — आभार. नाही, आणखी नको, आभार म्हटलं म्हणजे पुरे.

बंद कर इंजिन. ऐकलं मी. चांगलं आहे. मी माणसांबद्दल काहीबाही बोललो असेन आयुष्यात, पण चांगल्या इंजिनाला वाईट म्हणालो नाही, आणि आता या वयात म्हणणार नाही. त्यासाठी दुसरा कुणीतरी शोध. — अरे, मीच शोधत आलो होतो, तू कशाला शोधशील? जाऊ दे. बॉनेट लाव, हळू, आपटू नकोस. मधल्या पट्ट्याचा खटका आज बदलायचा. उद्या नाही, आज. रविवारच्या आधी. रविवार कशाला? मी म्हटलं रविवार? कुठल्याही वाराच्या आधी.

ती बघ. रस्त्यापलीकडे, टोपली डोक्यावर, ट्रक जाऊ देतेय. पाठीत वाकलीय जरा, नाही? मी मागच्या बाजूने जातो, त्या टायरांमधून. मी आलो नव्हतो. विचारलं तर म्हण, एका मेकॅनिकने बघितली, बरी आहे म्हणाला. आणि ऐक, सही घेण्याआधी तिला त्या चढावर एकदा मागे घ्यायला लाव गाडी. पुढे चालवते ठीक, गिअरही टाकते ठीक, पण मागे घेताना उजवीकडेच ओढते, आणि कासिमिरो नुसता मान डोलावतो. चॅपेलमागच्या मैदानात खांबाला दोनदा घासली तिने त्याची पिकअप. तू नीट सांग, आरसे दोन्ही बघ म्हणावं, घाई नाही कुणाला. — मला कसं ठाऊक? कुणी सांगितलं नाही. काय बघतोस माझ्याकडे? जा. आली ती. जा म्हटलं ना.